भूकंप खरेच वाढले आहेत का?



उपासना वर्ष संपत आले की मिस्सातील वाचने अखेरच्या काळाकडे वळतात. वर्ष ‘क’ मध्ये सामान्य काळातील ३३ व्या रविवारी आपण लूककृत शुभवर्तमानाचा २१ वा अध्याय ऐकतो. यरुशलेमचे देखणे मंदिर जमीनदोस्त होईल, लढाया होतील, मोठे भूकंप होतील, असे प्रभू येशू तेथे सांगतो. कुठेही मोठा भूकंप झाला की याच अध्यायाचा आधार देऊन मोबाईलवर संदेश फिरू लागतात: ‘भूकंप वाढत चालले आहेत, शेवट जवळ आला!’ घरातील वडीलधारी माणसे धास्तावतात, मुले प्रश्न विचारतात. भूकंप खरेच वाढले आहेत का आणि याबाबत आपल्या श्रद्धेची शिकवण काय, हे या आठवड्याच्या अभ्यासात आपण पाहू या.

१. रोज किती भूकंप होतात?

जगभरातील केंद्रे मिळून वर्षाला सुमारे २०,००० भूकंपांची नोंद करतात. म्हणजे रोज साधारण ५५. त्यांपैकी बहुतेक इतके लहान किंवा इतके दूर असतात की कोणाला कळतही नाहीत. ६ ते ६.९ तीव्रतेचे भूकंप वर्षाला सरासरी १३० च्या आसपास होतात, म्हणजे दर दोन-तीन दिवसांनी एक. ७ ते ७.९ तीव्रतेचे सुमारे १५ आणि ८ किंवा त्याहून मोठा साधारण एक. तीव्रता एका अंकाने वाढली की बाहेर पडणारी ऊर्जा सुमारे ३२ पट होते, हेही लक्षात ठेवावे. म्हणून ‘आज जगात ५० भूकंप झाले’ असे कोणी सांगितले तर ती धक्कादायक बातमी नव्हे, तो नेहमीचाच दिवस आहे.

२. ‘नेहमीपेक्षा जास्त’ हे कसे ठरवतात?

समजा, एखाद्या धर्मग्रामात वर्षाला सरासरी १६ बाप्तिस्मे होतात. एखाद्या महिन्यात चार होतील, तर पुढचे दोन महिने एकही होणार नाही. तेवढ्यावरून ‘बाप्तिस्मे वाढले’ किंवा ‘बंद पडले’ असे धर्मगुरू म्हणत नाहीत. ते अनेक वर्षांची नोंदवही पाहतात. भूकंपांचेही तसेच आहे. ७ आणि त्याहून मोठ्या भूकंपांची दीर्घकाळची सरासरी वर्षाला १६ आहे. पण १९८९ साली असे भूकंप फक्त ६ झाले, तर २०१० साली २४. एका आठवड्यात दोन मोठे भूकंप झाले, तरी तेवढ्यावरून काही सिद्ध होत नाही.

येथे दोन गोष्टी आपली फसगत करतात. पहिली म्हणजे यंत्रांची संख्या. १९३१ साली जगात सुमारे ३५० भूकंपमापन केंद्रे होती, आज ती हजारोंनी आहेत. पूर्वी न कळणारे लहान धक्के आता नोंदले जातात, म्हणून यादी लांबते. मोठ्या भूकंपांच्या संख्येत तशी सतत वाढ दिसत नाही. दुसरी गोष्ट म्हणजे मोठ्या भूकंपानंतरचे धक्के. अशा भूकंपानंतर त्या भागात कित्येक दिवस, कधी कित्येक महिने लहान-मोठे धक्के बसत राहतात. तेवढ्या काळात आकडा खरोखर वाढतो आणि मग हळूहळू खाली येतो.

या मोजमापात ख्रिस्तसभेची माणसेही होती. १९०९ साली अमेरिकेतील येशूसंघीय धर्मगुरूंनी आपल्या अनेक महाविद्यालयांत एकाच प्रकारची भूकंपमापन यंत्रे बसवली. सर्वांचे माप एक असले तरच तुलना खरी होते, हे त्यांनी ओळखले होते. देवाच्या सृष्टीची प्रामाणिक नोंद ठेवणे हे श्रद्धेच्या विरुद्ध आहे असे त्यांना वाटले नाही.

३. आपल्या परिसरातील अनुभव

आपल्या नाशिकमध्ये दिंडोरी रोडवरील महाराष्ट्र अभियांत्रिकी संशोधन संस्था, म्हणजेच ‘मेरी’, धरणांच्या परिसरातील भूकंपांच्या नोंदी ठेवण्याचे काम वर्षानुवर्षे करत आली आहे. २३ नोव्हेंबर २०२२ रोजी पहाटे चारच्या सुमारास ३.६ तीव्रतेचा धक्का नोंदला गेला आणि ‘नाशिकला भूकंप’ अशी बातमी सगळीकडे गेली. पण राष्ट्रीय भूकंपशास्त्र केंद्राच्या नोंदीत ‘नाशिकच्या पश्चिमेस ८९ किलोमीटर’ असे होते. म्हणजे केंद्रबिंदू पालघर जिल्ह्याच्या बाजूला होता. त्या जिल्ह्यातील डहाणू-तलासरी भागात तर नोव्हेंबर २०१८ पासून लहान धक्क्यांची मालिकाच सुरू झाली होती. बातमीतील गावाचे नाव वाचून घाबरण्याआधी अंतर आणि तीव्रता पाहावी, हा यातला धडा.

मात्र आकडा नेहमीचा आहे म्हणून दुःखही नेहमीचे, असे कधीही म्हणता येणार नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, अनंत चतुर्दशीच्या रात्रीनंतर, किल्लारी परिसर हादरला. तो भूकंप सुमारे ६.२ तीव्रतेचा होता. त्या आकाराचे भूकंप जगात दर आठवड्याला दोन-तीन होतात. पण माती-दगडांच्या जाड भिंती आणि जड माळवदे झोपेतल्या माणसांवर कोसळली आणि हजारो जीव गेले. त्या वेळच्या नकाशात तो भाग सर्वांत कमी धोक्याच्या विभागात होता. सरासरीचा आकडा जगाचे चित्र दाखवतो. आपल्या घराची हमी तो देत नाही.

४. शास्त्रवचन काय शिकवते?

लूक २१:९ मध्ये या सर्व गोष्टी सांगताना प्रभू आपल्या शिष्यांना घाबरू नका असे बजावतो, आणि शेवट लगेच येणार नाही हेही सांगतो. मार्क १३:३२ नुसार तो दिवस आणि ती घटका केवळ पित्याला ठाऊक आहे. मग भूकंपांची बेरीज करून ती तारीख काढणे आपले काम कसे असेल?

दुसरा मुद्दा अधिक नाजूक आहे. ‘तेथील लोकांचे पाप मोठे होते म्हणून असे झाले,’ असे आपल्यातही कोणी सहज बोलून जाते. १ नोव्हेंबर १७५५ रोजी, सर्व संतांच्या सणाला, लिस्बन शहरात भूकंप झाला तेव्हा चर्च भाविकांनी भरलेली होती आणि चर्चमधील अनेक जण तेथेच मरण पावले. २६ डिसेंबर २००४ रोजी, पवित्र कुटुंबाच्या सणाच्या रविवारी, सुमात्राजवळच्या भूकंपामुळे उठलेल्या त्सुनामीने वेलंकनीच्या किनाऱ्यावरील यात्रेकरूंना ओढून नेले, तर चर्चमध्ये असलेले वाचले. एकीकडे चर्चमधले गेले, दुसरीकडे चर्चबाहेरचे. यावरून कोण अधिक पापी ते ठरवायचे कसे? लूक १३:४-५ मध्ये शिलोहाचा बुरूज पडून मेलेल्या अठरा जणांविषयी बोलताना प्रभूने हाच विचार खोडून काढला. ते इतरांपेक्षा अधिक अपराधी नव्हते, असे सांगून त्याने ऐकणाऱ्यांनाच पश्चात्तापाचे आवाहन केले. दुसऱ्याच्या ढिगाऱ्याकडे बोट न दाखवता आपण आपल्या अंतःकरणाकडे वळावे, असा त्याचा अर्थ आहे.

होरेब डोंगरावर एलियाला (१ राजे १९) परमेश्वर वाऱ्यात, भूकंपात किंवा अग्नीत भेटला नाही. त्यानंतरच्या मंद, शांत वाणीत तो भेटला. फिलिप्पैच्या तुरुंगात (प्रेषितांची कृत्ये १६) भूकंप झाला, दारे उघडली, तरी पौल आणि सीला पळाले नाहीत. त्यांनी घाबरून जीव द्यायला निघालेल्या तुरुंगाधिकाऱ्याला थांबवले. भूकंपाच्या वेळी ख्रिस्ती माणूस कसा असावा, हे तेथे दिसते.

५. आपण काय करावे?

• भूकंपाचा संदेश आला तर तारीख, ठिकाण व तीव्रता राष्ट्रीय भूकंपशास्त्र केंद्राच्या नोंदीत पडताळावी. नोंद नसेल तर संदेश पुढे पाठवू नये. अमुक दिवशी भूकंप होणार असे आज कोणतेही शास्त्र सांगू शकत नाही.
• अंबडमध्ये आपल्यातील अनेक जण भाड्याच्या खोल्यांत राहतात. पलंगाच्या वरच्या फळीवर जड वस्तू ठेवू नयेत, कपाट भिंतीला पक्के करावे.
• धक्का बसताच भक्कम टेबलाखाली बसून डोके झाकावे. हादरे थांबल्यावर गॅस बंद करून बाहेर पडावे. जिन्यावर धावाधाव करू नये.
• शेजारी एकटी राहणारी वृद्ध किंवा आजारी व्यक्ती कोण आहे, हे आधीच माहीत करून घ्यावे.

चिंतनासाठी

१. भीतीचा संदेश पुढे पाठवताना आपण कोणाचे भले करतो?
२. आपत्तीत सापडलेल्यांविषयी आपल्या मनात आधी काय येते, न्याय की करुणा?

प्रार्थना

हे प्रभो, पृथ्वी हादरली तरी तुझ्यावरील आमचा भरवसा हादरू देऊ नकोस. भूकंपात मरण पावलेल्यांना चिरशांती दे, निराधार झालेल्यांना आसरा दे आणि आम्हाला सत्य बोलणारे, शेजाऱ्याच्या मदतीला धावणारे कर. आमेन.