पाणी न घालता पोपटी शिजते कशी?

प्रश्न : थंडीत अलिबागजवळच्या एका गावी पाहुणा म्हणून गेलो होतो. रात्री शेतात पोपटी लावली. मडक्यात वालाच्या शेंगा, बटाटे, अंडी, कोंबडी भरली. पाण्याचा थेंबही घातला नाही. मडकं पालथं ठेवून भोवती जाळ केला. एवढ्या जाळात सगळ्याचा कोळसा व्हायला हवा होता, पण शेंगा मऊ उकडून निघाल्या. हे कसं घडतं? आणि मडकं पालथंच का घालतात?
— एक वाचक, पुणे

उत्तर : पोपटीला वरून पाणी लागत नाही, कारण ते आत भरलेलंच असतं. बटाट्याच्या वजनात सुमारे 80 टक्के पाणी असतं, अंड्याच्या आतल्या भागात आणि कोंबडीच्या मांसात साधारण तीन चतुर्थांश. ताज्या हिरव्या शेंगा आणि भांबुर्डा या रानवनस्पतीचा ओला पाला यांतही भरपूर पाणी असतं. म्हणजे पाच किलोंचा ऐवज मडक्यात गेला, की त्यात तीन लिटरांहून जास्त पाणी गेलंच म्हणून समजा. हे पाणी आत धरून ठेवणं हेच पोपटी लावणाऱ्याचं कसब.

आधी मडकं भरायची रीत पाहू. तळाशी भांबुर्ड्याचा जाड थर. त्यावर शेंगा, जाडं मीठ, ओवा, मग मसाला लावलेली कोंबडी, बटाटे, कांदे, अंडी, पुन्हा शेंगा. शेवटी तोंडाशी भांबुर्डा ठासून भरतात. मडकं पालथं घालून भोवती पेंढा, झावळ्या, गवऱ्या आणि लाकडं रचून पेटवतात. अर्धा-पाऊण तास जाळ चालतो.

जाळाची आच आधी मडक्याच्या भिंतीला लागते. माती उष्णता सावकाश आत सोडते, त्यामुळे शेंगांना एकदम चटका बसत नाही. भिंतीलगतच्या पाल्यातलं आणि शेंगांतलं पाणी तापून त्याची वाफ होऊ लागते. आता इथे पाण्याचा एक गुण कामी येतो. एक ग्रॅम पाणी 30 अंशांवरून 100 अंश सेल्सिअसला आणायला 70 कॅलरी लागतात, पण त्याच पाण्याची वाफ करायला आणखी सुमारे 540 कॅलरी लागतात. जाळाची बरीचशी उष्णता अशी वाफ करण्यात खर्च होते. म्हणून बाहेर निखारे कितीही लाल झाले, तरी आत ओल आहे तोवर शेंगांचं तापमान 100 अंशांच्या फारसं वर जात नाही. डाळ-शेंगा, बटाटे, मांस शिजायला एवढं पुरतं. कोळसा व्हायला मात्र याहून पुष्कळ जास्त तापमान लागतं.

ही वाफ मधल्या, अजून गार असलेल्या शेंगांवर आणि बटाट्यांवर जाऊन पुन्हा पाणी होते. तसं होताना तिने घेतलेली 540 कॅलरी उष्णता ती तिथे सोडते. मडकं ढवळता येत नाही, तरी आतला माल सगळीकडे सारखा शिजतो तो यामुळे. अंडीही बहुधा तडकत नाहीत: आच हळूहळू चढते आणि कवचाच्या हजारो बारीक छिद्रांतून आतली तापलेली हवा निघून जायला वेळ मिळतो.

मडकं पालथं घालण्याचं कारणही वाफेतच आहे. पाण्याची वाफ हवेपेक्षा हलकी असते. मडकं उभं असतं तर ती सरळ तोंडातून वर निघून गेली असती. पालथ्या मडक्यात ती वरच्या बंद भागात कोंडली जाते आणि आतली हवा खाली ढकलली जाते. हवा कमी म्हणजे प्राणवायू कमी, त्यामुळे आत काही पेटतही नाही. जास्तीची वाफ तोंडाच्या पाल्यातून वाट काढते. कुकरसारखा दाब इथे साठत नाही. कुकरमध्ये दाबामुळे तापमान 120 अंशांच्या आसपास जातं आणि शेंगा पार गळून जातात; पोपटीत त्या मऊ होऊनही आपला आकार राखतात.

मग ती खास चव कुठून येते? काही भांबुर्ड्याच्या पानांतल्या सुगंधी तेलातून. सूर्यफुलाच्या कुळातली ही रानवनस्पती भात कापल्यावर बांधांवर आणि मोकळ्या शेतांत आपोआप उगवते. काही चव भिंतीला टेकलेल्या शेंगांतून येते: तिथली ओल आधी संपते, तापमान चढतं, आणि शेंगेला खरपूस डाग पडतात. बाकी धुराचा गंध.

पोपटी झाली हे ओळखायला जाणती माणसं मडक्यावर पाणी शिंपडतात. चर्र होऊन ते क्षणात उडालं, तर भिंत 100 अंशांच्या पुष्कळ वर गेली, म्हणजे आतली ओल आता पुरी पडेनाशी झाली आहे. त्याच्या जोडीला पाल्याचा वास बदलतो. या घटकेला जाळ ओढायचा. थोडं आधी काढलं तर बटाटा कच्चा, थोडं उशिरा तर तळ करपलेला. थर्मामीटरशिवाय ही वेळ साधणाऱ्या माणसांचं ज्ञान मोठं आहे, आणि ते जवळ बसून पाहिल्याशिवाय मिळत नाही.

अशीच रीत गुजरातेत वलसाड-नवसारीकडे उंबाडियुं करताना दिसते. पापडी, कंद, रताळी भरलेलं मडकं तिथेही पालथंच घालतात. आपल्याकडच्या हुरड्याशी तुलना केली की मडक्याचं काम नीट कळतं. ज्वारीचं कणीस आगटीत गवरीच्या निखाऱ्यांवर उघडंच भाजतात, वाफ धरून ठेवणारं काही नसतं. म्हणून ते सतत फिरवावं लागतं आणि काही मिनिटांत काढावं लागतं.

तुम्हाला करून पाहायची असेल तर चार गोष्टी सांभाळा. शेंगा त्याच दिवशी तोडलेल्या घ्या. सुकलेल्या शेंगांत वाफ करायला पाणीच उरत नाही. मडकं चीर नसलेलं हवं. रंग दिलेलं लाकूड, प्लायवूड, प्लास्टिक जाळात अजिबात नको, त्याचा विषारी धूर अन्नात उतरतो. पेंढ्याच्या उडव्यांपासून लांब जागा निवडा आणि निघताना निखारे पाणी ओतून पुरते विझवा.

शेवटी, पोपटी थंडीतच का, याचंही उत्तर यात आहे. रायगडात भात निघाल्यावर जमिनीत उरलेल्या ओलीवर वाल वाढतो आणि त्याच सुमारास बांधावर भांबुर्डा माजतो. मडक्यात शेंगा शिजवणारी वाफ मुळात त्या शेतातली ओल आहे. उरण-पनवेलकडे शेतं भराभर बिनशेती होत आहेत. ती गेली तर वालाच्या शेंगा बाजारातून आणता येतील, पण दुपारी तोडून रात्री मडक्यात भरायच्या शेंगा आणि बांधावरचा पाला कुठून आणणार? पोपटी ज्यांना आवडते, त्यांनी भातामागचं वालाचं शेतही राखायला हवं.