पाणी कुठून आलं?

चि. बायोस,

चिपळूणच्या घराचं खरेदीखत झाल्याचं कळलं, फार आनंद वाटला. फोनवर तू जाता जाता म्हणालीस, "विम्याचं काय, तो बँकेनेच काढून दिलाय." त्या एका वाक्यामुळे हे पत्र लिहितोय. विमा सर्व्हेअर म्हणून आयुष्यभर मी लोकांच्या भिजलेल्या, जळलेल्या, पडलेल्या घरांतून फिरलो आहे. सावकाश वाच आणि जावईबापूंनाही वाचायला दे.

आधी बँकेचा तो कागद काढ आणि विमा कशाचा आहे ते बघ. गृहकर्जाबरोबर दिला जातो तो विमा पुष्कळदा कर्जदाराच्या जिवाचा असतो. कर्जदाराचं बरंवाईट झालं तर कर्ज फिटतं, पण घराची भिंत पडली तर त्यातून एक रुपया मिळत नाही. कधी घराचाही विमा काढलेला असतो. पण पॉलिसी बँकेच्या फायलीत पडून राहते आणि घरमालकाने ती कधी पाहिलेलीही नसते. प्रत मागून घे, तो तुझा हक्क आहे. पॉलिसीवर बँकेचं नाव असेल तर इमारतीच्या दाव्याचे पैसे आधी बँकेकडे जातात, हेही माहीत असू दे.

1 एप्रिल 2021 पासून विमा नियामकाने सगळ्या सर्वसाधारण विमा कंपन्यांना 'भारत गृह रक्षा' ही एकाच मसुद्याची पॉलिसी विकायला लावली. तुला हीच घ्यायला सांगेन. आग, वीज, भूकंप, वादळ, पूर, दरड, दंगल, घरावर झाड किंवा वाहन आदळणं, टाकी वा नळ फुटणं हे सगळं तिच्यात येतं. पुरासाठी वेगळा विमा लागत नाही. 3 जून 2020च्या निसर्ग वादळात आपल्याकडे माड छपरांवर आडवे झाले. 22 जुलै 2021ला वाशिष्ठीचं पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरलं आणि त्याच दिवशी महाडजवळ तळियेवर दरड कोसळली. ही तिन्ही संकटं या पॉलिसीत बसतात.

पण बायो, दावा बघायला आलेला माणूस नुकसान किती झालं हे नंतर विचारतो, ते कशामुळे झालं हे आधी. सगळी गोम इथे आहे. एकच ओली भिंत घे. पुराचं पाणी चढून ती भिजली असेल तर भरपाई मिळते. भिंतीतला नळ अचानक फुटला असेल तरी मिळते. पण कौलं सरकून आषाढभर पाणी झिरपत राहिलं, गिलावा फुगला, वाशाला वाळवी लागली, तर काही मिळत नाही. हळूहळू होणारी झीज विम्यात येत नाही, ती घरमालकाच्या देखभालीत मोडते. कोकणात तर बहुतेक घरांची दुखणी अशीच सावकाश वाढणारी असतात. म्हणून पावसाआधीची शाकारणी आणि पन्हळी साफ करून घेणं चुकवू नकोस. घर चांगलं राखलेलं असलं की पुराचं नुकसान पुराचंच आहे हे दाखवणंही सोपं जातं.

तुझ्या घराबाबत मला खरी काळजी आहे ती जमिनीची. 2005च्या पुरानंतर प्लॉट भराव टाकून उचलला, असं विकणाऱ्याने सांगितल्याचं तू म्हणालीस. जमीन खचणं पॉलिसीत आहे, पण भरावाची जमीन दबून बसली, नव्या बांधकामाला बैठकीच्या भेगा गेल्या, नदीने काठ कातरत नेला, किंवा मूळ बांधकामच सदोष निघालं, तर ते वगळलेलं आहे. जावईबापूंना वर एक खोली चढवायची आहे ना? त्या तोडफोडीमुळे जमीन वा भिंत हलली तरी तेच. आधी चांगल्या स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून पाया तपासून घ्या. ही जोखीम विम्यावर ढकलता येत नाही.

रक्कम ठरवताना खरेदीची किंमत घालू नकोस, तिच्यात जमिनीचे पैसे आहेत. विमा बांधकामाचा असतो: चटई क्षेत्र गुणिले आजचा बांधकामाचा दर. समजा 900 चौरस फूट आणि दर 2,000 रुपये, तर 18 लाख. दर मात्र चिपळूणच्या कंत्राटदाराला विचार, हा माझा नुसता नमुना आहे. घरातल्या सामानाला इमारतीच्या रकमेच्या 20 टक्के आपोआप धरले जातात, कमाल 10 लाख. म्हणजे इथे 3 लाख 60 हजार. सामान त्याहून जास्त असेल तर यादी देऊन रक्कम वाढवून घे. कंपाउंडची भिंत, सोलर पॅनेलसुद्धा इमारतीत मोडतात, त्यांचा खर्च विसरू नकोस.

तुझ्या आजीच्या पाटल्या आणि चांदीची भांडी या सामानात धरली जात नाहीत, त्यांना वेगळं जोडकलम घ्यावं लागतं. रोख रक्कम आणि गाडी तर नाहीच. आणि चोरी! पूर-आगीसारखी घटना घडली आणि तिच्यामुळे सात दिवसांच्या आत चोरी झाली, तरच ती इथे धरतात. दिवाळीला तुम्ही पुण्याला आलात आणि मागे कुलूप फुटलं, तर त्यासाठी घरफोडीचा वेगळा विमा हवा. व्होल्टेज वाढून फ्रिज जळला तर फ्रिजचे पैसे मिळत नाहीत. त्याची आग घरभर पसरली तर घराचे मिळतात. तू विकण्यासाठी भरून ठेवतेस तो मसाला आणि आगळ हा धंद्याचा माल आहे. तो घरसामान म्हणून दाखवू नकोस, दुकान-धंद्याच्या विम्याबद्दल वेगळं विचार.

घर राहण्यालायक उरलं नाही तर दुरुस्तीच्या काळातलं पर्यायी जागेचं भाडं या पॉलिसीत मिळतं. हे मागायचं लोकांच्या लक्षातच येत नाही.

आता दाव्याचं. 2021ला पाणी ओसरल्यावर घराघरांतलं भिजलेलं सामान रस्त्यावर आलं आणि उचलून नेलं गेलं. चिखलात उभ्या असलेल्या माणसाला दुसरं काय सुचणार? तरीही गाळाला हात लावण्याआधी भिंतीवरच्या पाण्याच्या खुणेचे, प्रत्येक खोलीचे, प्रत्येक वस्तूचे फोटो घ्यायचे, आणि त्याच दिवशी कंपनीला कळवायचं. बिलांचे फोटो आजच ई-मेलवर टाकून ठेव, कागद पुरात टिकत नाहीत. दावा नाकारला तर कारण लेखी घ्यायचं आणि कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला लिहायचं. तिथेही दाद मिळाली नाही तर वर्षाच्या आत विमा लोकपालाकडे जायचं. तिथे फी नाही, वकीलही लागत नाही. चिपळूणसाठी कार्यालय पुण्याला आहे. मी आहेच इथे, अर्ज लिहायला बसेन.

बँकेकडून प्रत मिळाली की सगळ्या पानांचे फोटो पाठव, नुसतं पहिलं पान नको. वगळलेल्या बाबी मागच्या पानांवर असतात. मी खुणा करून परत पाठवतो, मग एजंटाशी बोल.

जावईबापूंना नमस्कार, मुलांना गोड पापा.

तुझा,
मामा