पॅनेलमध्ये न्यूट्रल नव्हता

सकाळची पाळी सुरू झाली तेव्हा पॅनेलमधला एसएमपीएसचा हिरवा दिवा मिणमिणत होता. लागायचा, विझायचा, परत लागायचा. "अण्णा, काउंटर बंद पडलाय," असं ऑपरेटरनं मला हाक मारून सांगितलं आणि बोलता बोलता प्रेसच्या बॉडीवर हात टेकला. पुढच्या क्षणी तो दोन फूट मागे जाऊन पडला. जुलै महिना होता, फरशी ओली, पायात भिजलेली चप्पल. हात चिकटला नाही, झटकला गेला, म्हणून तो आज आमच्यात आहे.

मेन बंद केला. त्याला दवाखान्यात पाठवलं. मग सगळ्यांना लांब उभं करून मेन पुन्हा चालू केला, मीटरची एक प्रोब बॉडीला आणि दुसरी पाण्याच्या लोखंडी नळाला लावली. २११ व्होल्ट.

त्या एसएमपीएसची जोडणी मी केली होती, अपघाताच्या चार महिने आधी. त्या अपघातापासून आमच्याकडे गोकुळ शिरगावात किंवा शिरोलीत कुणी "मशीनला २४ व्होल्टचा सप्लाय बसवायचाय" म्हणालं की मी आधी ही हकीकत सांगतो.

प्रेस जुना, १० एचपीची मोटर, स्टार-डेल्टा स्टार्टर. पॅनेलमध्ये चारच तारा येत होत्या: लाल, पिवळी, निळी आणि हिरवी. न्यूट्रल नव्हता, कारण मशीन बनवणाऱ्याला त्याची गरजच पडली नव्हती. मोटरला तीन फेज पुरतात. कॉन्टॅक्टरची कॉइलही ४१५ व्होल्टची, ती दोन फेजमध्ये बसते. आपल्याकडच्या जुन्या मशीनची पॅनेल बहुतेक अशीच असतात. मला त्या प्रेसवर एक प्रॉक्झिमिटी सेन्सर, एक काउंटर आणि दोन सोलेनॉइड व्हॉल्व्ह बसवायचे होते. सगळं २४ व्होल्ट डीसी, सगळं मिळून दोन अँपिअर.

बाजारातून पत्र्याच्या जाळीचा एसएमपीएस आणला, एलईडी पट्ट्यांना लावतात तसला. दुकानात मी फक्त "२४ व्होल्ट, ५ अँपिअर" एवढं सांगितलं होतं. इनपुट काय, हे ना दुकानदारानं विचारलं, ना मी सांगितलं. पॅनेलपाशी आल्यावर पाहिलं तर इनपुटला तीन स्क्रू: फेज, न्यूट्रल, अर्थ. न्यूट्रल आणायचा तर मेन बोर्डापासून तीस मीटर वायर ओढावी लागणार होती आणि माल त्याच संध्याकाळी द्यायचा होता. फेज आणि अर्थ यांच्यात मीटर लावला, २३८ व्होल्ट दिसले. मी न्यूट्रलच्या स्क्रूत हिरवी तार घातली. दिवा लागला, काउंटर चालला, मालकांनी शाबासकी दिली.

मीटर खोटं बोलत नव्हता. न्यूट्रल ट्रान्सफॉर्मरपाशी जमिनीला जोडलेला असतो, म्हणून फेज आणि अर्थमध्ये २३०-२४० व्होल्ट दिसणारच. पण अर्थची तार बिघाडाच्या वेळी करंट वाहून नेण्यासाठी आहे, रोजच्या करंटसाठी नाही. गटाराच्या खोदकामात अर्थिंगची पट्टी तुटली आणि मातीखाली गेली. कुणाला कळलं नाही. आता फेजमधून एसएमपीएसमध्ये शिरलेल्या करंटला परतीची वाट उरली नाही. हिरवी तार प्रेसच्या बॉडीला बोल्टनं जोडलेली, प्रेस रबरी पॅडवर उभा. म्हणजे अख्खी बॉडी एसएमपीएसमार्फत फेजला टांगली गेली. तो मिणमिणणारा दिवा नेमकं हेच सांगत होता. ज्या तारेनं माणसाला वाचवायचं, तीच तार मी त्याच्या हातापर्यंत वीज नेण्यासाठी वापरली होती. प्रेसच्या फीडरवर गळती दिसताच वीज तोडणारा ईएलसीबी असता तर पहिल्याच दिवशी ट्रिप होऊन त्यानं माझी चूक दाखवली असती. ईएलसीबी "उगाच ट्रिप होतो" म्हणून बायपास करणाऱ्यांनी एकदा थांबून कारण शोधावं.

त्यानंतरची दुसरी चूकही सांगतो. हिरवी तार काढून घाईत मी न्यूट्रल जवळच्या लायटिंगच्या डिस्ट्रिब्युशन बोर्डातून (डीबी) घेतला आणि फेज मात्र पॅनेलमधलाच ठेवला. दोन महिन्यांनी त्या डीबीला येणारा मुख्य न्यूट्रल लगमध्ये सैल झाला. असं झालं की दोन वेगवेगळ्या फेजवरची उपकरणं एकमेकांशी सिरीजमध्ये येतात आणि ज्याचा लोड हलका त्याच्या वाट्याला जास्त व्होल्टेज येतं, कधी कधी ४१५ च्या जवळ. २३० व्होल्टचं शिखर ३२५ व्होल्ट असतं, ४१५ चं ५८७. या एसएमपीएसच्या आतले कपॅसिटर सगळे मिळून ४०० व्होल्टच्या आसपासचे. डबा उघडला तर त्यांची चंदेरी टोपी फुगून फाटली होती, आत कागदाचा लगदा आणि नाकात बसणारा उग्र वास. त्या डीबीवरच्या दोन ट्यूबचे चोकही गेले.

म्हणून सप्लाय विकत घेण्याआधी पॅनेल उघडा आणि तारा मोजा. न्यूट्रल आहे का? असेल तर तो कुठून आला, त्याच फीडरबरोबर की दुसरीकडून उसना? फेज-फेज व्होल्टेज दुपारी मोजा आणि मध्यरात्रीही मोजा. आमच्याकडे शेजारचे कारखाने बंद झाले की मीटर ४४० च्या वर जातो.

न्यूट्रल नसेल तर माझ्या मते दोनच रस्ते सरळ आहेत. पहिला कंट्रोल ट्रान्सफॉर्मरचा: दोन फेज घ्यायचे, ४१५ चे २३० करायचे आणि त्यावर साधा एसएमपीएस चालवायचा. प्रायमरीला दोन पोलचा एमसीबी हवा, कारण दोन्ही तारा जिवंत आहेत. सेकंडरीचं एक टोक अर्थला जोडायचं, दुसऱ्यावर फ्यूज. "मग हे अर्थला जोडणं कसं चालतं?" असं मला एका पोरानं विचारलं होतं, आणि प्रश्न चांगला होता. इथे करंट ट्रान्सफॉर्मरच्या एका टोकातून निघून दुसऱ्या टोकाला तारेनंच परत येतो. अर्थवरून रोजचा करंट वाहत नाही, बिघाड झाला तरच वाहतो. ट्रान्सफॉर्मर मात्र मोठा घ्या. ५ अँपिअरचा सप्लाय १२० वॅटचा असला, तरी साधा एसएमपीएस करंट लाटेच्या माथ्यावर झटक्याझटक्यानं ओढतो, पॉवर फॅक्टर ०.६ च्या आसपास येतो. १५० व्हीएचा तापतो, २५० व्हीएचा घ्या. आणि तो खरोखर दोन वाइंडिंगचा आहे याची खात्री करा. स्वस्तात मिळणारा ऑटोट्रान्सफॉर्मर बाहेरून तसाच दिसतो, पण त्यात फेजपासून सुटका नसते. जपानहून आलेल्या जुन्या २०० व्होल्टच्या मशीनला असे ऑटोट्रान्सफॉर्मर लावलेले मी पाहिले आहेत. त्याच्या टॅपवरची कुठलीही तार न्यूट्रल समजू नका.

दुसरा रस्ता थेट ४१५ वर चालणाऱ्या एसएमपीएसचा. डिन रेलवर बसतो, इनपुटला ३४० ते ५५० व्होल्ट किंवा तशीच रुंद मर्यादा लिहिलेली असते. न्यूट्रल लागत नाही. किंमत जाळीच्या डब्याच्या कित्येक पट आहे, आणि आज मी तोच बसवतो. फक्त माहितीपत्रकात पाहा: दोनच फेज दिले तर चालतो का, आणि चालला तर किती लोडवर. पॅनेल भट्टीजवळ असेल तर तापमानाचा तक्ताही बघा. बरेच सप्लाय ५० अंशांच्या पुढे पूर्ण करंट देत नाहीत.

चोवीस व्होल्टच्या ट्रान्सफॉर्मरला ब्रिज आणि कपॅसिटर लावून घरचा सप्लाय करू नका. बिनलोडवर त्यातून ३२-३३ व्होल्ट निघतात आणि बरेचसे सेन्सर १० ते ३० व्होल्टचे असतात. लांब वायरचाही हिशेब करा. एक चौरस मिलिमीटरची तांब्याची तार ४० मीटर नेली, तर जाऊन-येऊन ८० मीटर होतात, आणि दोन अँपिअरला जवळपास तीन व्होल्ट वाटेतच जातात. व्हॉल्व्हला २१ मिळतात आणि तो अर्धवट ओढतो.

आमचा ऑपरेटर आठवडाभर घरी होता. हाताला मुंग्या येतात असं अजून सांगतो.

तुमच्या शॉपमध्ये जुन्या मशीनवर मागाहून बसवलेला एखादा सप्लाय असेलच. उद्या मेन बंद करून त्याचं झाकण काढा आणि न्यूट्रलच्या स्क्रूतली तार कुठे जाते ते शेवटपर्यंत बघा. ती हिरव्या तारेला जाऊन मिळत असेल, तर ती काढल्याशिवाय मशीन चालू करू नका.