नाताळांतील तांबडीं पानें
वाचावयाचा भाग : मार्क १२:४१-४४

नाताळ जवळ आला म्हणजे जुन्या बंगल्यांच्या आवारांत एक उंच झुडूप शेंड्याशीं लालभडक होतें. त्यास पॉइन्सेटिया म्हणतात. त्याची फांदी उपासनामंदिरांत ठेवावी कीं नाहीं, असें खेड्यांतील बंधुजन आम्हांस विचारतात. मूर्तीस फुलें वाहण्याची रीत ज्यांनीं नुकतीच सोडली, त्यांस अशी धास्ती वाटणें साहजिक आहे.

ज्यास आपण फूल समजतों तीं खरें पाहतां पानें होत. फुलें म्हणजे मधले बारीक पिवळसर गोंडे. आपल्या कुंपणांतील शेर व थोर ह्यांच्याच कुळांतलें हें झाड असून, मोडल्यास तसाच पांढरा चीक गळतो. मूळचें तें मेक्सिको देशाचें. तेथील अ‍ॅझटेक लोक त्यापासून तांबडा रंग काढीत. १८२५ ते १८२९ पर्यंत तेथें अमेरिकेचे वकील असलेले जोएल पॉइन्सेट ह्यांनीं तें स्वदेशीं पाठविलें, म्हणून त्यास हें नांव पडलें.

मेक्सिकोंत एक दंतकथा सांगतात. एका गरीब मुलीजवळ नाताळच्या आदल्या रात्रीं देवळांत नेण्यास कांहीं नव्हतें. तिनें वाटेवरचें रानगवत उपटून गव्हाणीपुढें ठेवलें, आणि त्याचे शेंडे लाल झाले. ही कथा शास्त्रांत नाहीं. उपदेशक बंधूंनीं ती शुभवर्तमान म्हणून सांगूं नये. रंग पालटल्याची गोष्ट आम्ही सोडून देतों. पण त्या मुलीची मूठ पाहून दोन टोल्या टाकणारी विधवा आठवल्यावांचून राहत नाहीं. फुलानें देव प्रसन्न होईल म्हणून तें वाहणें निराळें, आणि प्रभूच्या जन्माच्या आनंदानें घर सजविणें निराळें. पहिलें आपण सोडलें आहे. दुसऱ्यास आमची हरकत नाहीं.

कित्येक ह्या पानांत बेथलेहेमचा तारा व ख्रिस्ताचें रक्त पाहतात. हे अर्थ लोकांनीं मागाहून बसविले. आम्हांस झाडाचा स्वभावच अधिक बोलका वाटतो. रात्री बारा तासांहून लांबल्या, आणि कित्येक आठवडे तसा सलग अंधार मिळाला, म्हणजेच पानें रंगतात. यशया ९:२ शिकवितांना हें सांगावें. मात्र रात्रीं जवळ दिवा जळत राहिला तर झाड हिरवेंच राहतें; तेव्हां हा प्रकाशाचा दृष्टांत कसा, असें एखादा चाणाक्ष मुलगा विचारील. दृष्टांत फार ताणूं नये.

झाड नसेल त्या गांवीं तें विकत आणूं नये. शेवंती किंवा जोंधळ्याचीं कणसें पुरेत. फांदी कापल्यास बुडखा क्षणभर जाळावर धरावा, म्हणजे चीक थांबतो. तो मुलांच्या डोळ्यांत जाऊं देऊं नये.