मद्यासक्ती : रक्त आणि घर

बाप पीत असे, म्हणून मुलगाही पितो, हे विधान म्हैसूरच्या परिसरात पारखून घेणे विशेष कठीण आहे. तेथे आते-मामे भावंडांचे, तसेच मामा-भाचीचे विवाह परंपरेने होत आले आहेत. १९८० ते १९८९ या काळात बंगळूर व म्हैसूर येथील लाखाहून अधिक दांपत्यांची पाहणी झाली, तेव्हा सुमारे एक-तृतीयांश विवाह नात्यातले आढळले. अशा कुटुंबात रक्ताचा वारसा कोणता आणि घराचे वळण कोणते, हे वेगळे करावे कसे?

डेन्मार्कमधील दत्तक मुलांमुळे हा गुंता काहीसा सुटला. मद्यासक्त मातापित्यांपासून जन्मानंतर सहा आठवड्यांतच दुरावलेल्या ५५ मुलग्यांचा अभ्यास डोनाल्ड गुडविन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७३ मध्ये प्रसिद्ध केला. त्यांपैकी १८ टक्के पुढे मद्यासक्त झाले. इतर दत्तक मुलग्यांत हे प्रमाण ५ टक्के होते. वारशाचा प्रभाव उघड आहे. परंतु उरलेले ८२ टक्के त्या वाटेला गेले नाहीत, याकडे सहसा लक्ष जात नाही. शिवाय हे आकडे व्यसन जडण्याविषयीचे आहेत, सुटण्याविषयीचे नव्हेत. ‘रक्तातच आहे’ असे एकदा ठरले, की रोग्याला उपचारास नेण्याचा घरच्यांचा उत्साहच मावळतो.

मद्यापासून शरीरात ॲसिटाल्डिहाइड हे विषारी द्रव्य तयार होते व एक एंझाइम त्याचा निचरा करते. पूर्व आशियातील अनेकांत हे एंझाइम जन्मतःच दुबळे असते. थोडे मद्य घेताच चेहरा लाल होतो, मळमळू लागते. असे असूनही जपानमधील मद्यासक्तांत या व्यक्तींचे प्रमाण १९७९ मध्ये २.५ टक्के होते, ते १९९२ मध्ये १३ टक्के झाले. तेरा वर्षांत जनुके बदलत नाहीत; पिण्याचे रिवाज बदलतात.

डायसल्फिरॅम हे औषध त्याच एंझाइमला रोखते. जन्माने न दिलेले संरक्षण ते उसने देते. ते रोग्याच्या नकळत अन्नात मिसळणे मात्र धोक्याचे असते. रोग्याने संमती द्यावी आणि घरातील कोणासमोर गोळी घ्यावी, तरच उपचार टिकतो. ही देखरेख बहुधा पत्नीकडे येते. ती भाचीही असेल, तर रोग्याची सासुरवाडी म्हणजे त्याच्या बहिणीचेच घर. दसऱ्याला तेथे त्याच्यापुढे पेला ठेवला जातो की नाही, यावर पुढच्या महिन्यातील गोळ्या अवलंबून असतात.