गोणीवरचे आकडे आणि माशाचे पोट

न्यूझीलंडमध्ये सॅमनच्या पिंजऱ्यांवर काम करतो हे कळल्यापासून गावाकडच्या शेततळेवाल्यांचे फोन येतात. प्रश्न ठरलेले. तयार खाद्य परवडत नाही, मका नि कोंडा किती चालेल? आणि मिनरल कोणते घालू? दुसऱ्याचे उत्तर बहुतेकांनी आधीच शोधलेले असते : गोठ्यातले मिनरल मिक्स्चर, गुरांना चालते म्हणजे माशांना चालेलच. हे दोन वेगळे प्रश्न नाहीत, पिठाचा निर्णय घेतला की खनिजाचा निम्मा निर्णय तिथेच होतो, हे मी इथे पाहिले.

इथे पाळतात तो किंग सॅमन, म्हणजे चिनूक. मूळचा इथला नव्हे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला कॅलिफोर्नियातून अंडी आणून तो दक्षिण बेटावरच्या नद्यांत रुजवला. आज जगातल्या पाळीव किंग सॅमनपैकी निम्म्याहून अधिक न्यूझीलंडचा आहे : मार्लबरो साउंड्स, स्टुअर्ट बेटाचा बिग ग्लोरी बे, आणि ट्वायझेलजवळचे जलविद्युत कालवे. हा मासा पक्का मांसाहारी. जास्त पीठ पोटात गेले की त्याच्या रक्तातली साखर तासन् तास खाली येत नाही आणि यकृत फुगते. जन्मजात मधुमेहीच म्हणा. म्हणून सॅमनच्या खाद्यात पचणारे कर्बोदक साधारण वीस टक्क्यांच्या आतच ठेवायचे असते. मग मुळात घालतातच कशाला? गोळीसाठी. वाफ आणि दाबाखाली स्टार्च शिजून फुलतो, गोळी बांधली जाते आणि तिच्या छिद्रांत तेल मुरते. स्टार्च अगदीच कमी पडला तर गोळीचा भुगा होतो.

२०२२ मध्ये युक्रेनच्या युद्धाने गहू कडाडला. मी तेव्हा ज्या फार्मवर होतो तिथे गव्हाऐवजी दुसऱ्या पिठाची स्वस्त गोळी मागवली. पहिली खूण गोणीच्या तळाशी दिसली : मूठभर नव्हे, बादलीभर भुगा. हवेच्या दाबाने पिंजऱ्यांकडे गोळ्या नेणाऱ्या नळीत तिचा आणखी चुरा झाला. चुरा मासा खात नाही. पैसे मात्र त्याचेही मोजलेले असतात. पाण्याखालच्या कॅमेऱ्यात विष्ठा धाग्यासारखी सुटी, विरघळती दिसू लागली. काढणीच्या वेळी माशांची यकृते फिकी आणि मोठी होती.

इथवर दोष पिठाचा हे उघड होते. पुढचा उपाय मात्र मेंढपाळाचा निघाला. न्यूझीलंडच्या बऱ्याच जमिनीत सेलेनियम कमी, काही भागांत कोबाल्टही. मेंढ्यांना ही खनिजे वरून देणे इथल्या शेतकऱ्याच्या अंगवळणी पडलेले आहे. तोच हिशोब माशांना लावून 'वरून खनिजांचा डोस वाढवू' अशी टूम निघाली. पशुवैद्याने अडवले ते बरे झाले. सॅमनच्याच कुळातल्या ट्राउटला कोरड्या खाद्यात किलोमागे अर्ध्या मिलिग्रॅमहून कमी सेलेनियम पुरते, आणि १३ मिलिग्रॅमला विषबाधा दिसलेली आहे. किलोभर खाद्यात इतक्या मिलिग्रॅमचा फरक फावड्याने मिसळून सांभाळता येत नाही.

दुसरी गोष्ट समुद्राच्या तळाची. माशाने न शोषलेले जस्त विष्ठेतून आणि वाया गेलेल्या खाद्यातून खाली बसते. तळातल्या गाळासाठी इथले मार्गदर्शक मूल्य किलोमागे २०० मिलिग्रॅम जस्त आहे. ४१० च्या वर जीवसृष्टीला धोका मोठा. पिंजऱ्याखालच्या गाळाचे नमुने म्हणूनच तपासले जातात. जास्त जस्त घातले म्हणून मासा सुधारतो असे नाही, कारण अडचण बऱ्याचदा कमतरतेची नसून शोषणाची असते. वनस्पतिजन्य घटकांतले फायटेट जस्ताला आणि फॉस्फरसला बांधून ठेवते. वाटाणा, बाकला, सोया, भाताचा कोंडा, सगळ्यांत ते आहे. कोंड्यात तर भरपूर. खाद्यात राख, म्हणजे कॅल्शियम-फॉस्फरस, फार झाली तरी जस्त अडते. असे खाद्य खाणाऱ्या ट्राउटच्या डोळ्यांत मोतीबिंदू झालेला १९७०च्या दशकातल्या प्रयोगांत दिसला होता. एक खनिज वाढवून दुसऱ्याची उपासमार करता येते, ती अशी.

आता आपल्याकडचे. रोहू, कटला, सायप्रिनस हे सॅमन नव्हेत; पीठ त्यांना बरेच पचते, तीस टक्क्यांच्या आसपास कर्बोदक सहज चालते. फक्त ते शिजवलेले हवे. कच्च्या मक्याचे पीठ पाण्यात विरते आणि तळ्याचा तळ कुजवते.

खनिजात मात्र या माशांची गंमत उलटी आहे. कार्प जातीला जठरच नसते, त्यामुळे फॉस्फेट विरघळवायला आम्ल नाही. जपानमध्ये १९७९ साली मोजले गेले : मोनोकॅल्शियम फॉस्फेटमधला ९४ टक्के फॉस्फरस सायप्रिनस घेतो, डायकॅल्शियम फॉस्फेटमधला, म्हणजे आपल्या डीसीपीमधला, फक्त ४६, आणि ट्रायकॅल्शियमचा १३. गुरांच्या मिनरल मिक्स्चरचा पाया बहुधा डीसीपीच असतो. म्हणजे निम्म्याहून अधिक फॉस्फरस तुम्ही शेवाळाला खाऊ घालता. कॅल्शियम तर मासा कल्ल्यांवाटे पाण्यातून ओढून घेतो. ते विकत घालण्याची गरज क्वचितच. पंगस आणि तिलापियाला जठर असते, त्यांचा हिशोब वेगळा. रोहूचा तक्ता पंगसला लावू नका.

आणि मासा वाकडा दिसला की लगेच 'कॅल्शियम कमी' म्हणू नका. इथल्या किंग सॅमनच्या पाठीला बाक येतो. मॅसी विद्यापीठाच्या अभ्यासात मणक्यालगतच्या स्नायूंत जुना दाह सापडला. क जीवनसत्त्व कमी पडले तरी पाठ वाकते. चार मासे बर्फात घालून मत्स्य महाविद्यालयात तपासायला न्या, रत्नागिरीचे शिरगाव कोकणवाल्यांना जवळ आहे. खनिजाची पिशवी त्यानंतर फोडा.

खाद्य घेताना गोणी उलटी करून तळाचा भुगा बघा. मूठभर गोळ्या बादलीभर पाण्यात टाकून पंधरा मिनिटे थांबा, त्या विरतात का ते पाहा. आणि फॉस्फरस कोणत्या रूपात आहे हे विक्रेत्याला विचारा. त्याला सांगता आले नाही, तर गोणी त्याच्याच दुकानात राहू द्या.