बर्फाच्या घरातली ऊब

'पाण्याच्या अवस्था' शिकवताना यंदा मी मुलांना जपानमधल्या युनिशिगावाचे फोटो दाखवले. निक्को शहराच्या हद्दीतलं हे गरम पाण्याच्या झऱ्यांचं डोंगराळ गाव. हिवाळ्यात तिथे कामाकुरा महोत्सव असतो. कामाकुरा म्हणजे बर्फाची झोपडी. नदीकाठच्या शेकडो चिमुकल्या कामाकुरांत संध्याकाळी मेणबत्त्या लावतात. मोठ्यांत तर माणसं चक्क शेगडीपाशी बसून जेवतात!

"बाई, आत जास्तच गारठत असेल ना?" एकीने विचारलं. मी "हो" म्हणून मोकळी झाले. चुकलंच माझं. फ्रीजमधला बर्फ घट्ट, हा भुसभुशीत; बोलताना आपण दोन्हीला बर्फच म्हणतो. या बर्फात अडकलेली हवा आतली ऊब बाहेर जाऊ देत नाही, वाराही अडतो. दुसऱ्या दिवशी मुलांसमोर चूक कबूल केली आणि घरच्या गोधडीत हवा कुठे असते, ते शोधायला सांगितलं.